चार वाजताचं दार

बुद्धप्रिया लातूरच्या कामाला निघायची ती नांदेडहून सकाळी सहाच्या बसनं. लोहा मागं पडलं की तिचा डोळा लागायचा, अहमदपूरच्या स्टँडवर चहावाल्यांच्या ओरडण्यानं उघडायचा आणि बस हलली की पुन्हा मिटायचा. पायांच्या मधे हत्यारांची पेटी, मांडीवर ड्रिलची पिशवी. त्या अर्ध्या झोपेत तिला दारं दिसायची. घर नाही, भिंत नाही. तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्यात नुसतं एक दार उभं, आणि त्याच्या चौकटीवर तिनंच बसवलेला हिरवा दिवा.

वय चौतीस. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात बावीस पोरांत ती एकटी मुलगी होती. मग सहा वर्षं कॅमेरे बसवणाऱ्या दुकानात काढली आणि तिथून विजेवर चालणाऱ्या कुलपांच्या कामात आली. आई म्हणायची, "कॅमेऱ्याचं काम काय वाईट होतं गं?"

"कॅमेरा नुसता बघत बसतो, आई. दार काहीतरी करतं."

त्या मार्गशीर्षात तिला लातूरच्या एका वृद्धाश्रमातून बोलावणं आलं. आठवण हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं ते घर. सोळा माणसं, पुढं व्हरांडा, मागं लिंबाचं झाड असलेलं अंगण. मागच्या दाराला कायम मोठं कुलूप असायचं. तपासणीला आलेल्या अग्निशमनवाल्यांनी ते काढायला लावलं. आग लागली तर माणसं बाहेर कशी पडणार? कुलूप काढलं तर माणसं एरवीही बाहेर पडणार. अंगणाच्या फाटकापलीकडं हमरस्ता, त्यावर उसाचे ट्रॅक्टर. व्यवस्थापक अमरनाथ दोन्हीकडून अडकले होते.

"उशिरा उघडणारं कुलूप असतंय म्हणे," ते म्हणाले.

"असतंय, सर." बुद्धप्रियानं दार हलवून बघितलं. "चौकटीला वर चुंबक, दाराला लोखंडी पट्टी. मधे हा आडवा दांडा. दांडा ढकलला की बझर वाजतो, दार पंधरा सेकंद धरून ठेवतंय आणि मग आपोआप सोडतंय. तेवढ्यात तुमचं माणूस तिथं पोचायला पाहिजे. आगीची घंटा झाली तर मात्र थांबत न्हाई, तिथल्या तिथं सुटतंय. साधी लाईट गेली तर बॅटरी हाय."

दुपारी बारापर्यंत चुंबक वर बसलं. आश्रमाच्या सुतारानं हौसेनं पट्टी आवळून दिली होती, म्हणून पहिल्यांदा दार धरेचना, नुसतं गुणगुणायचं. बुद्धप्रियानं बोल्ट थोडा ढिला केला, पट्टीमागं रबराची चकती सरकवली. पट्टी जराशी डुलती राहिली की ती आपणहून चुंबकाला सपाट मिळते. खट् असा बारीक आवाज झाला आणि दार मिटलं. तिनं खांदा लावून रेटलं. हललं नाही.

बझर मात्र फार कर्कश होता. पहिल्या चाचणीला दोन आज्या रडायला लागल्या, एक आजोबा कानावर हात ठेवून भिंतीकडं तोंड करून बसले. तिनं बझरच्या भोकावर चिकटपट्टीचे तुकडे लावून बघितले. एक, मग दोन, मग तीन. तिसऱ्या तुकड्याला आवाज मऊ झाला, लांबून आल्यासारखा.

तो आवाज भिंतीपलीकडून कसा येतो ते ऐकायला ती पेटी खांद्याला अडकवून पुढून वळसा घालून अंगणात आली. दार आतून बंद. लिंबाखाली ऊन पडलेलं, कुठं तरी गुऱ्हाळाचा गोड वास. चार वाजले होते.

आत त्याच वेळी नीलाबाई दाराशी आल्या. नीलाबाई जळकोटच्या, वय अठ्ठ्याहत्तर. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात कापडी पिशवी, पिशवीत रुमालात बांधलेली दोन बिस्किटं. रोज चारला त्या मुलीला शाळेतून आणायला निघायच्या. मुलगी सिंधु आता बावन्न वर्षांची होती आणि हैदराबादला राहायची. कुलूप होतं तेव्हा नीलाबाई त्या कुलपाशी अर्धा-अर्धा तास भांडायच्या. शेवटी हात दुखले की खाली बसून रडायच्या, आणि सांभाळणारी शिवगंगा त्यांना उचलून आणायची.

आज कुलूप नव्हतं. नीलाबाईंनी दांडा ढकलला. बझर वाजला.

शिवगंगा धावत निघाली आणि मधेच थांबली. नीलाबाई घाबरल्या नव्हत्या. त्या दारापासून दोन पावलं बाजूला झाल्या, पोरांचा लोंढा बाहेर येताना आया सरकून उभ्या राहतात तशा. पदर नीट केला.

"घंटा झाली," त्या म्हणाल्या.

पंधरा सेकंद त्या तशाच हसऱ्या तोंडानं उभ्या राहिल्या. मग खट् झालं, दार सैल पडलं, आणि त्यांनी ते उघडलं. समोर उन्हात, खांद्याला पेटी अडकवून, बुद्धप्रिया उभी होती.

"आलीस? किती उशीर गं, सिंधे!"

बुद्धप्रियानं शिवगंगाकडं बघितलं. शिवगंगानं नुसती मान हलवली.

"हाव, माय," बुद्धप्रिया म्हणाली. "आले."

"बघ की केस कसे झालेत. रिबन कुठं टाकलीस?" नीलाबाईंनी रुमाल सोडला, एक बिस्किट तिच्या हातात दिलं. मग तिचं मनगट धरलं. "नडी, नडी. घरी चल." उदगीरकडच्या कानडीतलं ते नडी म्हणजे चल. आणि त्या वळून, मनगट न सोडता, दारातून आत निघाल्या. शाळा बाहेर होती. घर आत होतं. खोलीपर्यंत त्यांनी तिच्याकडून सातचा पाढा म्हणवून घेतला. सात सक्कं म्हणताना बुद्धप्रिया खरोखरच अडखळली.

त्या दिवशी बसमध्ये तिला झोप लागली नाही. खिडकीबाहेर हरभऱ्याचं रान सरकत होतं आणि मनगटावर ती पकड अजून तशीच वाटत होती.

पुढं अमरनाथांचा फोन आला. वेळ पंधराची तीस करता येईल का?

"त्याला परवानगी लागती, सर. आणि आगीत आपली घंटा बिघडली तर तीस सेकंद लई असतात. पंधराच राहू द्या. त्यापेक्षा चारला शिवगंगाताईला बाहेरच्या अंगाला उभं करा."

शिवगंगा उभी राहू लागली. कधी नीलाबाई तिलाच सिंधु म्हणून आत घेऊन यायच्या, कधी "तू कोण?" म्हणून रागानं बघायच्या. मग त्यांना पायरीवर बसवून ठेवावं लागे, ऊन उतरेपर्यंत. पण दाराशी रडणं थांबलं.

दर तीन महिन्यांनी बुद्धप्रिया देखभालीला यायची. बॅटरी तपासायची, पट्टी पुसायची, चार वाजता बाहेर उभी राहायची. तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा आत खरी सिंधु आलेली होती. चष्मा लावलेली, थकलेली, आईशेजारी अवघडून उभी. बुद्धप्रियाला ते ठाऊक नव्हतं. ती पेटी घेऊन अंगणात गेली.

नीलाबाईंनी दांडा ढकलला, बझर वाजला, त्या बाजूला झाल्या. शेजारी उभ्या असलेल्या लेकीकडं त्यांनी आदरानं बघितलं.

"बाई, तुमची बी मुलगी ह्याच शाळंत हाय का?"

सिंधूनं चष्मा काढून पुसला. सेकंद चालले होते.

"हाव," ती शेवटी म्हणाली. "माझी बी इथंच हाय."

"येईल हं आता. घाबरू नका."

दोघी शेजारी-शेजारी उभ्या राहून वाट बघू लागल्या. खट् झालं. दार उघडलं.

"ही माझी सिंधु," नीलाबाईंनी बुद्धप्रियाचं मनगट धरून तिला पुढं ओढलं.

बुद्धप्रियानं समोरच्या बाईचा चेहरा बघितला. नीलाबाईंचंच नाक, तसाच कपाळाचा रुंदपणा. हात सोडवून घ्यावा असं तिला वाटलं, पण पकड घट्ट होती.

"गुणाची दिसती तुमची मुलगी," सिंधु म्हणाली.

"गुणाची हाय. पाढ्यात जरा कच्ची," नीलाबाई म्हणाल्या आणि दुसरं बिस्किट सिंधूच्या हातावर ठेवलं. "तुमच्या पोरीला द्या."

काम आटपून बुद्धप्रिया निघाली तेव्हा सिंधु फाटकापर्यंत आली. तिनं न विचारता पेटीची एक बाजू धरली. बुद्धप्रिया म्हणाली, "माफ करा, ताई. मला माहीत असतं तर मी बाहेर उभी राहिले नसते."

"असं नका म्हणू." सिंधु म्हणाली. "दारापासून खोलीपर्यंत ती तुमच्याशी काय बोलती? मला आता तसलं काही सांगत न्हाई. मला बाई म्हणती."

दोघी बसथांब्याच्या कट्ट्यावर बसल्या. बुद्धप्रियानं आठवून आठवून सांगितलं. हिरवी रिबन हरवली त्याबद्दलची बोलणी. गुरुजींना घरी जेवायला बोलवायचंय, त्यांना कारळ्याची चटणी आवडते. विहिरीवर जायचं नाही. शेवंताबाईंच्या कुत्र्याला दगड मारायचा नाही, ते म्हातारं झालंय.

"वाघ्या," सिंधु म्हणाली. "वाघ्या नाव होतं त्याचं."

नांदेडची बस आली, थांबली आणि गेली. बुद्धप्रिया उठली नाही. संध्याकाळचं ऊन उसाच्या पात्यांवर पिवळं झालं होतं. सिंधूनं हातातलं बिस्किट मोडलं, अर्धं तिला दिलं आणि म्हणाली, "अजून काय म्हणाली?"