लॅमिनेशनला दिलेला दाखला

आमच्या लातुरात पोरगं दहावीला गेलं की घरी येणारा माणूस पाणी प्यायच्या आधी विचारतो, "क्लास कुठला लावला?" तब्येत कशी आहे हे नंतर. आणि मी तर त्या क्लासमध्येच जीवशास्त्र शिकवते, बावीस वर्षं झाली. शहरातल्या कितीतरी दवाखान्यांत मला नंबर लावावा लागत नाही, कारण आत बसलेला डॉक्टर माझ्याकडं पेशीविभाजन शिकून गेलेला असतो. अशा बाईच्या एकुलत्या एका पोरीनं दहावीच्या निकालाच्या तिसऱ्या दिवशी, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सांगितलं, "मम्मी, मला क्लास नको. मला नांदेडला जायचंय, त्या डिप्लोमाला."

मी म्हटलं, "आधी पोहे खा."

नांदेडच्या बाहेर एका शाळेनं अकरावी-बारावीच्या जागी दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा सुरू केला होता. सहा विषय, ते आपण निवडायचे. शिवाय स्वतःचा एक प्रश्न शोधायचा आणि त्यावर चार हजार शब्दांचा निबंध लिहायचा. इथल्या आणि बाहेरच्या विद्यापीठांत हा डिप्लोमा चालतो म्हणे. हे सगळं पोरीनं एकटीनं शोधून काढलं होतं, माझ्याच लॅपटॉपवर. तिला जीवशास्त्र आणि इतिहास दोन्ही हवं होतं. आपल्याकडं सायन्स घेतलं की इतिहासाला रामराम करायचा, हे पहिलीच्या पोरालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, "हे दोन एकत्र घेऊन करणार काय? औरंगजेबाचं रक्त तपासणार?"

आमचे हे चाकूरला शाळेत गणित शिकवतात, रोज एसटीनं जाऊन-येऊन. माणूस मूळचा शेतकऱ्याच्या घरातला, त्यामुळं उत्तर रानातूनच येणार. म्हणाले, "सोयाबीनमध्ये तूर घेतोच की आपण. एका रानात दोन पिकं येतात, मग एका डोक्यात दोन विषय का येऊ नयेत?" पोरगी खूश. हे असे शहाण्यासारखं बोलून सकाळच्या गाडीनं निघून जातात आणि दिवसभर घर मला सांभाळावं लागतं.

शेजारीपाजारी तर विचारू नका. डिप्लोमा म्हटलं की आपल्याकडं पॉलिटेक्निक. समोरच्या काकू दारात येऊन हळहळल्या, "एवढे मार्क पडूनशान पॉलिटेक्निकला घालू लागलाव का लेकीला? काय झालं वो?" मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाव का. असू द्या, पोरीची जात, काहीतरी हाताला असावं." क्लासमध्येही कुजबुज. स्वतःच्या हॉटेलात न जेवणाऱ्या मालकाकडं लोक जसं बघतात, तसं माझ्याकडं बघू लागले.

आता खरं सांगते. मला इज्जतीची फिकर होतीच, नाही कशाला म्हणू? पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. सोळा वर्षांची पोर, आज इतिहास म्हणते. उद्या म्हणाली, मम्मी, मला डॉक्टरच व्हायचंय, तर? तिथं कुणी नीटची तयारी करून घेणार नाही. वर समकक्षतेचा कागद काढत फिरा. माझ्या वर्गात गावागावांतून पोरं येतात, पत्र्याच्या खोलीत राहतात, मेसचा डबा खातात, आणि त्यांना मी वाट दाखवते. माझी पोर मात्र त्या वाटेवर पाऊलसुद्धा ठेवायला तयार नव्हती. फळ्यावर हृदयाची आकृती काढताना मी एकदा डावं-उजवं उलटं केलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मग मी ते केलं.

एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकायची आपल्याला सवय. बसायचं की नाही ते नंतर बघू, आधी रुमाल. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म मी पोरीला न सांगता भरला. मोबाइल नंबर माझा, ओटीपीही मलाच यायचा. लातूरच्या चांगल्या कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. प्रवेश पक्का करायला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागत होता. मी कपाटातल्या फाइलीतून तो काढला आणि कॉलेजात जमा करून आले. मनात हिशोब सरळ होता. नांदेडचं फिसकटलं तर इथली जागा हाताशी आहे. नांदेडचं झालं तर गुपचूप दाखला परत आणू. तिथले बाबू ओळखीचेच, त्यांची पुतणी माझ्या वर्गात होती.

दोन दिवसांनी पोरगी फाइल चाळत बसली. "मम्मी, दाखला कुठंय?"

"लॅमिनेशनला दिलाय. चौकातल्या दुकानात." तोंडातून सहज निघून गेलं. आमच्या घरात रेशन कार्डापासून ह्यांच्या दहावीच्या मार्कमेमोपर्यंत सगळं लॅमिनेट केलेलं आहे, त्यामुळं शंका यायचं कारणच नव्हतं. तिनं मान हलवली आणि विषय संपला. मला वाटलं, सुटले.

नांदेडला मुलाखतीला आम्ही दोघीच गेलो. प्रवेश मिळाला तर तिची राहायची सोय माझ्या भावाकडं होणार होती. मुलाखत झाली, पोरगी आतून आली ती फुललेली. पाऊण तास बोलत होती म्हणे. कुणीतरी तिला विचारलं होतं, "तुला असा कुठला प्रश्न पडतो, ज्याचं उत्तर तुझ्या घरात कुणालाच माहीत नाही?" काय उत्तर दिलं ते तिनं मला सांगितलं नाही. मग ऑफिसात बोलावलं. तिथल्या मॅडम गोड बाई. जागा दिली म्हणाल्या, कागद बघू लागल्या आणि थांबल्या. "मूळ दाखला?"

"लॅमिनेशनला दिलाय," पोरगीच म्हणाली. एकदम बिनधास्त, कारण तिच्यासाठी ते खरं होतं.

"अहो, दाखला लॅमिनेट नका करू, पुढं शिक्का मारता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "असू दे. पण उद्या पाचपर्यंत मूळ प्रत लागेल. शेवटचा दिवस आहे, नाहीतर जागा पुढच्या नंबरला जाते."

"उद्या आणतो," पोरगी म्हणाली. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते.

दोनच्या गाडीनं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. प्रत्येक थांब्यावर ठरवायची, आता सांगते. पोरगी शेजारी बसून बडबडत होती, मामाच्या घरातून शाळा किती लांब, सायकल न्यायची का, निबंधाला कोणता प्रश्न घ्यायचा. मध्येच म्हणाली, "मम्मी, तू गप्प का? तुला वाईट वाटू लागलंय ना मी जाणार म्हणून?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. चाकूरला हे गाडीत चढणार होते, वाटलं ह्यांच्यासमोर सांगू. हे चढले, बातमी ऐकली, आणि खाली उतरून सगळ्यांसाठी भजी घेऊन आले. भजी खाताना असलं काही कसं सांगायचं?

लातूरला उतरल्यावर हे भाजी आणायला वळले. पोरगी मात्र माझा हात धरून थेट चौकातल्या दुकानाकडं निघाली. "आत्ताच घेऊन टाकू मम्मी, सकाळी उघडलं नाही तर?" मी म्हटलं, पाय दुखतात. म्हटलं, मी आणते उद्या. ऐकते कुठली! हट्ट कुणाचा, तर माझाच.

दुकानदार पन्नाशीचा, एकटाच असतो, झेरॉक्स आणि लॅमिनेशन करतो. पोरीनं दाखला मागितला. त्यानं ड्रॉवर बघितला, गठ्ठा उलटापालटा केला. "नाव काय म्हणलाव?" पुन्हा बघितलं. "न्हाई ताई, दिसत न्हाई. कधी दिला होता?"

पोरगी माझ्याकडं वळली. मी म्हटलं, "चार-पाच दिवस झाले."

बघा. तेव्हासुद्धा.

त्या माणसाच्या कपाळावर घाम आला. त्यानं मशीन सरकवली, मागं हात घातला, जमिनीवर बसून टेबलाखाली वाकला. "मूळ कागद हाय का? अरे देवा. म्या असं कधी होऊ दिलं न्हाई, मॅडम. कुणाच्या कागदात मिसळून गेला का काय." पोरीचा आवाज चढला, "काका, असं कसं हो? माझी अॅडमिशन आहे उद्या! ओरिजिनल कागद सांभाळता येत नाही तर घेता कशाला?" तो हात जोडून उभा राहिला. माझ्याहून मोठा माणूस, माझ्या पोरीपुढं हात जोडून. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढली. "चल, घरीच असेल."

रस्त्यावर, रिक्षांच्या गोंगाटात, मी तिला सगळं सांगितलं. फॉर्म, ओटीपी, कॉलेज, दाखला. तिनं एकच विचारलं, "आणि त्या काकांना मी बोलले ते?"

ह्यांना कळलं तेव्हा हे भाजी निवडत होते. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मास्तरीणबाई, दुसऱ्याच्या सीटवर रुमाल टाकलात तुम्ही." आणि पुन्हा मेथी निवडायला लागले.

सकाळी साडेदहाला कॉलेज उघडायच्या आधीच आम्ही दोघी दारात. बाबू आले, मला बघून हसले, चहा मागवतो म्हणाले. काम सांगितलं तसा चहा राहिला. "मॅडम, असा देता येत नाही दाखला. प्रवेश रद्द करायचा अर्ज लागतो. विद्यार्थिनीनं स्वतःच्या हातानं लिहायचा, कारणासकट. खाली पालकाची सही. कारण बघितल्याबिगर साहेब सोडत न्हाईत." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्यासारख्यांनी तरी असं दोन डगरींवर हात ठेवू नये. वेटिंगवर पोरं बसलेत." सोनारानंच कान टोचावे लागतात. शरमेनं मला तिथं उभं राहवेना.

छापील अर्ज होता. पोरीनं पेन काढलं. बावीस वर्षं मी पोरांना उत्तरं सांगत आले. प्रस्तावना अशी, मुद्दे असे, समारोप असा. तिच्या शाळेतल्या प्रत्येक निबंधाचं पहिलं वाक्य माझं असायचं. सवयीनं मी वाकले आणि म्हटलं, "घरगुती अडचणीमुळे, असं लिही." तिनं अर्जावर डावा हात आडवा धरला. परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून पोरं धरतात तसा. आणि लिहिलं.

मग कागद माझ्याकडं सरकवला. कारणाच्या रकान्यात तिच्या गोल अक्षरात होतं, "फॉर्म भरताना माझ्याकडून चूक झाली."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं बघितलं नाही. आजूबाजूला तीन-चार पालक उभे होते, बाबू ओळखीचे, साहेब ओळखीचे, सगळे मला मॅडम म्हणणारे. त्या सगळ्यांसमोर तिनं माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली होती. खाली छापलेलं होतं, "वरील मजकूर खरा आहे," आणि त्याच्या खाली पालकाच्या सहीची रेघ. मला बोलता आलं असतं. आणखी काही मिनिटांत साहेब बैठकीला जाणार होते, बाराची गाडी गाठायची होती, पाचपर्यंत नांदेड. मी सही केली.

दाखला घेऊन ती एकटीच गेली. मी येते म्हटलं तर म्हणाली, "नको, मी जाते." साडेचारला फोन आला, "जमा केला." मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं आणि मग म्हणाली, "मम्मी, त्या काकांना सॉरी म्हणून ये."

हाव, म्हटलं. येते.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं बरोबर झालं की चुकलं, मला अजून माहीत नाही, आणि आता तो प्रश्न माझा नाही हे मला रोज नव्यानं शिकावं लागतं. पण दर रविवारी तिचा फोन येतो आणि शेवटी ती विचारते, "गेलीस का?" वर्षभर मी चौक टाळून मागच्या गल्लीनं क्लासला जात होते. झेरॉक्स स्टेशनजवळून काढत होते. चाळीस पोरांसमोर बेधडक बोलणारी बाई, एका दुकानाची पायरी चढवेना.

मागच्या महिन्यात गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मला बघताच तो उठून उभा राहिला.

"सापडला का वो मॅडम दाखला?" त्यानं विचारलं. "म्या दुसऱ्या दिवशी मशीन खोलून बघितली. तव्हापासून कुणाचा मूळ कागद घेतला तर वहीत लिहून घेऊ लागलो. तुमच्या पोरीचं नुकसान झालं, लई वाईट वाटलं बघा."

काउंटरवर ती वही होती. दोरीला पेन बांधलेलं.

"दादा," मी म्हटलं, "तो तुमच्याकडं दिलाच नव्हता."