रिकाम्या पिंपांची चाचणी

मी सोलापुरात मासळीच्या सरकारी कार्यालयात लागलो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. जिल्ह्यातल्या तलावांचे तळ उघडे पडले होते. एरवी चिखलात तग धरून राहणारी मरळसुद्धा लोकांनी खणून काढून खाल्ली होती. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तलावांत पाणी आलं, पण त्या पाण्यात काही हलत नव्हतं. भीमेच्या खोल डोहांत मात्र थोडी मासळी वाचली होती. ती जिवंत धरून आणायची आणि तलावांत सोडायची, असं आमच्या साहेबांच्या मनात होतं. त्या कामासाठी मला घेतलं होतं. तात्पुरतं. दर तीन महिन्यांनी नवी ऑर्डर निघायची आणि माझे वडील ती उलटसुलट करून बघायचे. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आमच्या बौद्ध वस्तीत माझ्याआधी कुणी बीएस्सी झालेलं नव्हतं. "कायम कधी करणार, त्यात लिहिलंय का?" एवढंच ते विचारायचे.

कार्यालयाकडे पेट्रोलवरची एक जुनी जीप होती आणि तिच्यामागे जोडायचा ट्रेलर. ट्रेलरमध्ये पत्र्याची चार पिंपं. जीप चालवणाऱ्याला सगळे चाचा म्हणत. वय पन्नाशीचं, दाढी मेंदीनं रंगवलेली. मला तो बेटा म्हणायचा आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायचा.

मासे धरून देणारं जोडपं विजापूर रस्त्याच्या बाजूला, भीमेच्या काठी राहायचं. जातीनं भोई. मी नवऱ्याला मामा म्हणायचो आणि बायकोला मामी. मामा कमी बोलायचा. जाळं मामा टाकायचा, पण मासा जाळ्यातून निघाला की तो मामीच्या हातात जायचा. ओल्या फडक्यात धरून, खवल्याला बोट न लावता ती तो उचलायची आणि नदीतच बांधलेल्या कापडाच्या मोठ्या झोळीत सोडायची. चार-पाच दिवस मासे त्या झोळीत राहायचे. त्यातले कोण टिकणार आणि कोण नाही, हे ती काठावर बसून सांगायची. मी पुस्तकात वाचलेलं तिला सांगायला जायचो. ती ऐकून घ्यायची आणि मग आपल्याच पद्धतीनं करायची.

जीपनं आम्ही दोन-तीन खेपा केल्या. प्रत्येक खेपेत थोडे मासे मेले, पण बहुतेक पोचले. तलावात सोडलेला मासा पहिल्यांदा थबकतो, मग शेपटी मारून खाली जातो. ते बघायला मला फार आवडायचं. या नोकरीतलं मला आवडलेलं तेवढंच.

मग पेट्रोल महागलं. रातोरात सगळ्या कार्यालयांना कागद आले, इंधन वाचवा. साहेबांनी मला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला वरून विचारत होते आणि त्याला खाली कुणाला तरी विचारायचं होतं.

"तुम्ही सायन्सवाले. दुसऱ्या खात्याचा एक तीनचाकी टेंपो पडून आहे, तो आपल्याला मिळतोय. जीप बरी की टेंपो, चाचणी घेऊन लिहून द्या. शनिवारपर्यंत."

पहिल्यांदाच मला कुणी सायन्सवाला म्हटलं होतं. मी एक तक्ता आखला. दोन्ही गाड्या सोलापूर ते अक्कलकोट न्यायच्या आणि परत आणायच्या. निघताना टाकी काठोकाठ भरायची, आल्यावर पुन्हा भरायची, किती मावलं ते लिहायचं.

सकाळी आवारात पिंपं टेंपोत चढवली. चाचा हौदाकडे बादली घेऊन निघाला.

"चाचा, पाणी कशाला?"

"बेटा, मछली को ले जाना है ना? पानी भर को देख. खाली गाडी तो कैसी बी दौडती."

"दोन्ही गाड्यांत पाणी सारखंच असणार. म्हणजे दोघांतला फरक तोच राहणार. हे गणित आहे, चाचा."

चाचानं माझ्याकडे बघितलं. बादली खाली ठेवली. "हौ. तू पढा हुआ," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

खरं सांगायचं तर चार पिंपं भरायला सकाळ गेली असती, दोन्ही गाड्यांना धरून दोनदा, आणि शनिवार जवळ आला होता. शिवाय मी इस्त्रीची पँट घातली होती. ही कारणं मी आज लिहितो आहे. तेव्हा मला फक्त गणित दिसत होतं.

रिकामी पिंपं घेऊन टेंपो खडखडत मजेत पळाला. एका लिटरला तो जीपच्या जवळजवळ दुप्पट चालला. मी तो तक्ता सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खाली शिफारस केली, जिवंत मासळी वाहण्यासाठी टेंपोच योग्य. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "असं काम पाहिजे," ते म्हणाले. त्या संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं की आता कायम होईन.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी, मोठी खेप ठरली. डोहातल्या अंडी धरलेल्या माद्या आणि त्यांच्याबरोबर नर, असे आणायचे होते. ते अक्कलकोटच्या पुढं, मैंदर्गीकडच्या एका तलावात सोडले की पहिल्या पुराच्या पाण्यात ते आपसूक वीण करतील, अशी कल्पना होती. मामा-मामींनी आठ दिवस खपून चाळीस मासे जमवले. काळसर अंगाचे, हातभर लांबीचे, नदीत वाढलेले.

आम्ही फटफटायला पोचलो. मामी झोळीपाशी गुडघाभर पाण्यात उभी होती. टेंपो बघून तिनं विचारलं, "जीप कुटं हाय?"

"आता हीच गाडी. कमी तेलात जाते."

तिनं पिंपांत डोकावून बघितलं. "ह्यात निम्मं न्या आज. निम्मं परवा. लई दाटी झाली तर गुदमरत्यात. माद्या हायत्या ह्या."

मामानं मान हलवली. "व्हय सायेब. झोळीत ऱ्हात्याल की दोन दिस. आमी हाव हितं."

दोन खेपा म्हणजे दुप्पट इंधन. माझ्या तक्त्याची सगळी बचत पहिल्याच कामात नदीत गेली असती. मी म्हणालो, "एकाच खेपेत सगळे. दोन-अडीच तासांचा तर प्रश्न आहे."

"मग आमी बी येताव," मामी म्हणाली. तिनं पदर खोचला, तांब्या घेतला आणि दोघं मागे पिंपांच्या मध्ये जाऊन बसली.

भरलेल्या पिंपांसकट टेंपो नदीकाठच्या चढाला लागला आणि तिथंच मला कळलं. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. मी आणि मामा उतरून ढकलायला लागलो. चढ संपला तेव्हा ऊन वर आलं होतं. पुढंही तीच गत. दर थोड्या अंतरावर इंजिन तापायचं, चाचा गाडी बाजूला घ्यायचा, आम्ही थांबायचो. गाडी थांबली की पिंपांतलं पाणी तापायचं आणि चालू लागली की ते इतकं हिंदकळायचं की मासे पत्र्यावर आपटल्याचे आवाज पुढं ऐकू यायचे. चाचा दर वेळी उतरून इंजिनवर ओलं फडकं टाकायचा. त्यानं त्या बादलीची आठवण काढली असती तर बरं झालं असतं.

मागे मामी तांब्यानं पाणी उचलून उंचावरून परत पिंपात सोडत होती, पाण्यात हवा जावी म्हणून. एका पिंपातून दुसऱ्याकडे, दुसऱ्यातून तिसऱ्याकडे. सोलापूर गाठायलाच दोन तास गेले. तिथून पुढं अक्कलकोट रस्त्याला लागलो तेव्हा तिनं मागून पत्र्यावर थाप मारली.

"वर आल्यात समदी! तोंडं वर काडल्यात!"

वळसंगच्या अलीकडे एक विहीर दिसली. आम्ही पाणी बदलायला थांबलो. मी बादल्या वाहिल्या, चाचानं वाहिल्या. तोवर पहिला मासा उलटा झाला होता. त्याचं पांढरं पोट दिसत होतं. मामा म्हणाला, "सायेब, हितंच सोडू की विहिरीत. जगत्याल तरी."

मला ते सुचलं नव्हतं, आणि सुचवल्यावर मी ते मानलं नाही. विहीर कुणाची, विचारायचं कुणाला, कागदावर काय लिहायचं, हे सगळं माझ्या डोक्यात आलं. "तलावातच सोडायचे आहेत," मी म्हणालो. "आता थोडंच राहिलं."

थोडं राहिलं नव्हतं. आम्ही तलावावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मामीचे हात खांद्यापासून लटपटत होते. चाळीसपैकी तीन मासे जिवंत होते. त्यातला एक सोडल्यावर कडेला तसाच राहिला, खाली गेलाच नाही.

मेलेले मासे तिनं बांधावर ओळीनं ठेवले. एका मादीचं पोट तिच्या अंगठ्याखाली जरा दाबलं गेलं आणि अंडी बाहेर आली, पिवळसर, बारीक. ती त्यांच्याकडे बघत बसली. गावातली माणसं भांडी घेऊन जमली होती, कानडीत काहीतरी विचारत होती. तिला कानडी येत होती. तिनं उत्तर दिलं आणि माणसं मागे सरली.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"खाऊ नका म्हनलं. पोटुशी हुती."

तिनं आणि मामानं बांधाच्या मागं खड्डा केला आणि ते मासे पुरले. मी मदत केली नाही. मी टेंपोच्या सावलीत बसून काय लिहायचं त्याचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दार लावून घेतलं. "हे वर कळणारच. चाचणी तुमची बरोबर होती ना?"

"होती, साहेब."

"मग गाडीचा दोष नाही. म्हणजे मासेच खराब होते. जाळ्यात जखमी झाले असतील. आठ दिवस कोंडून ठेवले होते म्हणता, मग अशक्तही झाले असतील. तसा रिपोर्ट द्या."

ते माझ्याकडे बघत थांबले. माझी तीन महिन्यांची ऑर्डर त्या महिन्याच्या अखेरीला संपत होती. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही आणि त्याची गरजही नव्हती. मी जागेवर येऊन लिहिलं. निष्काळजीपणे पकडल्यामुळे मासे मृत झाले. 'निष्काळजीपणे' हा शब्द साहेबांनी सांगितलेला नव्हता. तो माझा.

पंधरा दिवसांत मामाचा मासे पुरवण्याचा परवाना रद्द झाला. तो कागद मीच टाईप केला. मग एका सकाळी दोघं कार्यालयात आली. मामी धुतलेलं लुगडं नेसून आली होती. साहेब दौऱ्यावर होते, जीप घेऊन. आम्ही टेंपोनं वाचवलेलं पेट्रोल असं जीपच्या टाकीत जात होतं.

मामा दारातच उभा राहिला. मामी माझ्या टेबलापाशी आली.

"सायेब, आमी निष्काळजी हाव म्हनं. त्या कागदात हाय तसं. शाळामास्तरानं वाचून दावलं."

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"तुमी हुता की गाडीत. तुमी बगितलंय. तुमी सांगा मोठ्या सायेबाला."

"कागद वर गेलाय, मामी. आता माझ्या हातात नाही."

"कुनी लिवला तो कागद?"

"कार्यालयानं," मी म्हणालो.

चाचा खिडकीपाशी बसून सगळं ऐकत होता. मामीनं माझ्या टाईपरायटरकडे बघितलं. तिला कळलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मग ती म्हणाली, "बरं. येताव," आणि दोघं गेली. चाचा त्यांच्या मागं फाटकापर्यंत गेला आणि परत आला. त्या दिवसापासून त्यानं मला बेटा म्हणणं सोडलं. तो मला साब म्हणू लागला, अगदी अदबीनं. डबाही तो एकट्यानं खायचा.

मी दिवाळीच्या आधी कायम झालो. वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. माझा चाचणीचा तक्ता नमुना म्हणून दुसऱ्या काही कार्यालयांत पाठवला गेला. तिथं त्याचं काय झालं, कुणी पिंपं भरून बघितली का, हे मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे टेंपोनं मासे आणण्याचे आणखी दोन प्रयत्न झाले आणि दोन्ही वेळा मासे पकडणाऱ्यांचाच दोष निघाला. नंतर तलावांत सोडायला बाहेरून पिल्लं येऊ लागली, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, आणि नदीच्या माशांचा विषय मागं पडला.

तीनेक वर्षांनी मंगळवारच्या बाजारात मामी दिसली. जमिनीवर गोणपाट पसरून ती सुके बोंबील आणि सुकट विकत होती. समुद्राची मासळी, दुसऱ्याकडून घेतलेली. मी पुढं सरकणार तेवढ्यात तिनं हाक मारली.

"काय सायेब, बरं हाय का?"

"बरं आहे. मामा कुठं असतात?"

"उजनीला, धरनावर. मुरूम वाहत्यात." ती तराजूचा काटा बघत म्हणाली. "लगीन झालं का तुमचं? लेकरं?"

मी सांगितलं, एक मुलगी आहे, आणि पाव किलो सुकट मागितली. तिनं मापाच्या वर मूठभर सुकट घातली, मुलीच्या नावानं. मला तिला त्या रिपोर्टाचं सांगायचं होतं. वाक्य तयार होतं. मागं दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, त्यानं बोंबलाचा भाव विचारला, आणि ती त्याच्याकडे वळली.

मी पुडी घेऊन घरी आलो. बायकोनं सुकट परतली, कांदा घालून. मी जेवलो.