वीतभर उंच केलेली गाडी

माझी पिकअप जुनी होती. दुसऱ्यानं वापरून सोडलेलीच घेतलेली. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीचा रस्ता म्हणजे नुसता उघडा पडलेला खडक. एकदा खालून असा दणका बसला की इंजिनाचं चेंबर फुटलं आणि सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं. तेव्हापासून पुढं दगड दिसला की पायाचे अंगठे आपसूक आत वळायचे, जसा काय मीच खाली घासणार आहे. हे कुणाला सांगितलं मात्र नाही. चौथीसुद्धा धड न झालेला माणूस मी, पण गाडीच्या बाबतीत मला कुणी शिकवावं असा त्या भागात कोणी नव्हता.

जुन्नरचा मेकॅनिक म्हणाला, गाडी उचलून घ्या. मोठे टायर परवडणार नव्हते. मग त्यानं स्वस्तातला मार्ग काढला. स्प्रिंगचे पाटे आणि चाकांचा एक्सल यांच्यामध्ये भंगारातले लोखंडी ठोकळे, ते आवळायला लांब यू-बोल्ट, आणि एकेक जुना पाटा जादा, म्हणजे भार पडला तरी गाडी बसणार नाही. पण वळणाला ती झुकेल, हेही त्यानं सांगून टाकलं. मला लगेच धरणाच्या काठचं वळण दिसलं, एका बाजूला कडा आणि खाली पाणी. आठ-पंधरा दिवस माझं ठरेना. दगडाचीही भीती आणि पाण्याचीही.

ठरवलं ते बायकोच्या बोलण्यानं. ती म्हणाली, "हाय ती बरी हाय. उंच करून कुणाला दाखवायचीय?" तिनं नको म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच मी जुन्नरला जाऊन ठोकळे बसवून घेतले. आठ दिवस चालवून बघा, नाही जमलं तर काढून देतो, असं मेकॅनिकनं कबूल केलं.

पहिले तीन दिवस दगड पोटाखालून मुकाट जात होते. वळणाला मात्र गाडी अशी लवायची की मी श्वास धरून बसायचो. बायको विचारायची, कशी चालतीय? मी म्हणायचो, झकास.

चौथ्या दिवशी भाताचा पेंढा भरला. माझं भरायचं माप ठरलेलं होतं, केबिनच्या वर दोन हात. दहा वर्षं त्याच मापानं भरत आलो. त्या दिवशीही तेवढंच भरलं. वर बायको आणि भात कापायला आलेल्या तीन बाया बसल्या. बायको पुढं, केबिनला लागून. टपावर एक थाप मारली की चला, दोन मारल्या की थांबा, ही आमची रीत.

वाडीच्या खाली शेतपंपाची विजेची लाइन रस्ता ओलांडून जाते. तारा खाली आलेल्या, उघड्या. तिथं वरची माणसं दर वेळी माना खाली घालायची आणि गाडी निघून जायची. मी बेफिकीर होतो.

दोन थापा ऐकू आल्या. मला वाटलं, गाडी हलतीय म्हणून बायको घाबरली. म्हटलं, घाबरू दे. गाडी चालूच ठेवली. पुन्हा दोन थापा, जोरात. तरी मी थांबलो नाही.

मग वरच्या बायांचं बोलणं एकदम बंद झालं. चार बाया आणि आवाज नाही. त्या शांततेनं माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

खाली उतरून वर बघितलं. चौघी पेंढ्यावर पालथ्या, पसरलेल्या. तार बायकोच्या पाठीपासून चार बोटं वर होती. शेजारच्या विहिरीवरची मोटर घुं करत चालू होती, म्हणजे तारेत लाइट होती. वाऱ्यानं पेंढ्याची काडी उठली तरी ती तारेला लागेल असं वाटायचं.

बायको हळू आवाजात म्हणाली, "गाडी हलवू नका."

मी खालूनच म्हणालो, "पोटावरच मागं सरका. डोकं वर करू नका."

मागून एकेक बाई घसरत खाली आली. बायको शेवटी. तिचा पदर पेंढ्यात अडकला आणि ती मध्येच थांबली. मी हात वर केले, पण गाडीच्या हौद्याला हात लावायची हिंमत होईना. ती तशीच थोडा वेळ पडून राहिली, मग अडकलेलं पदराचं टोक फाडून मागं सोडलं आणि खाली आली. आल्याबरोबर रस्त्यावरच बसली.

"थापा ऐकू आल्या न्हाईत व्हय?"

"आल्या व्हत्या," मी म्हणालो.

ती उठली आणि बांधाकडं चालू लागली.

लाइट जायची वाट बघत आम्ही बांधावर बसलो. लोडशेडिंगची वेळ झाली, विहिरीवरची मोटर थांबली, तरी मी आणखी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मग गाडी मागं घेतली. पेंढ्याच्या वरच्या दोन थरांच्या पेंढ्या उतरवून बांधावर टाकल्या आणि बाया चालत पुढं गेल्या. तेव्हा कुठं डोक्यात आलं. आधी भार पडला की पाटे बसायचे आणि गाडी खाली जायची. आता ती बसत नव्हती, आणि वरून ठोकळ्यांची उंची. केबिनच वर गेलेली, आणि मी माप केबिनपासून धरलेलं.

दुसऱ्या दिवशी जुन्नरला जाऊन ठोकळे काढायला सांगितले. मेकॅनिक हसला. "राव, दोन थर कमी भरा की. एवढ्यासाठी कोण काढतंय?"

तो म्हणत होता ते खरंच होतं. मीही वाटभर तोच विचार करत आलो होतो. दगडाची धास्ती गेली होती, ती परत घ्यायला जीव होत नव्हता.

"डोळ्याला जुनी सवय हाय," मी म्हणालो. "तो तेच माप घेणार. आन् कुणी थांब म्हटल्यावर थांबणारा माणूस मी न्हाई. काढ."

त्यानं माझ्याकडं जरा बघितलं आणि जॅक घेऊन गाडीखाली गेला.