बिनरश्श्याचं मटण

मटणाचे चाप खायला बसलं की ताटाच्या कडेला हाडं जमत जातात. खाताना तिकडे लक्ष नसतं. हात धुवायला उठलं की कळतं, अरे, एवढी झाली! आमच्या चौघांचे किस्से असेच जमले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. आता माझे दात गेले, त्यामुळे चाप बंद. किस्से मात्र चघळता येतात, त्याला दात लागत नाहीत.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. भिवा, तुकाराम आणि मी, म्हणजे धोंडू, लालबागला एका गाळ्यात राहायचो. तिघंही कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर. भिवा साताऱ्याकडचा, तिखट खाणारा आणि तिखट बोलणारा. तुकाराम मालवणचा, खोबऱ्याशिवाय त्याचं पान हलायचं नाही. चौथा काशिनाथ. तो बायकोला घेऊन रस्त्यापलीकडच्या चाळीत राहायचा आणि रिंगखात्यात, सूत कातायच्या कामावर होता. त्याच्या लोकांना साचेखात्यात घेत नसत. का, तर मागाच्या धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि त्याचं उष्टं बाकीच्यांना चालायचं नाही!

पण संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे सुरू झाले आणि एका मोर्च्यात आम्ही चौघं एका रांगेत आलो. मोर्च्यात कुणी खातं विचारत नाही. घोषणा देऊन घसे बसले, मग चहा प्यायलो, आणि त्या चहावर दोस्ती झाली ती झालीच.

काशिनाथचा बाप कुलाब्याला एका साहेबाकडे बटलर होता. त्यामुळे काशिनाथला साहेबी चाप करता यायचे. रविवारी आमची खानावळ बंद. मग तो स्वतःचा लोखंडी तवा काखेत मारून आमच्या गाळ्यात यायचा.

* * *

पहिल्या रविवारी मटण आणायला काशिनाथबरोबर मी गेलो. आमच्याकडचा माणूस मटणवाल्याला सांगणार काय, तर मांडी दे, फरा दे, एखादी नळी टाक. काशिनाथ म्हणाला, "कवळ्या मेंढ्याचे चाप काढ. फासळीचं हाड लांब ठेव, आणि कडेची चरबी काढू नकोस."

मटणवाले चाचा थांबले. "रस्सा पतला होगा, भाई."

"रस्सा करायचाच नाही. तव्यावर परतायचे. मीठ, मिरी, लिंबू. बस."

"मसाला?"

"नाही."

"कांदा?"

"नाही."

चाचांनी चाप कागदात बांधले, पुडा त्याच्या हातात दिला आणि वर बघून म्हणाले, "मटन तेरा, गुनाह भी तेरा!"

* * *

गाळ्यात आल्यावर काशिनाथनं चाप सुरीच्या पाठीनं हलके हलके ठोकले. मीठ आणि जाडसर कुटलेली मिरी चोळली, लिंबू पिळलं आणि झाकून ठेवले. स्टोवर तवा चांगला तापू दिला. मग आधी चाप आडवे टाकलेच नाहीत. चरबीच्या कडेवर उभे केले, एकमेकांना टेकवून, रांगेत. चरबी सुटली, तीच तेल झाली. त्या चरबीत मग एक बाजू, मग दुसरी. मध्ये ढवळाढवळ नाही.

इकडे भिवा पाटावर बसून तयारीला लागला होता. त्यानं ताटात भाकरी कुस्करली, दुसरीही कुस्करली, मधोमध आळं केलं आणि वाट बघत बसला. मटण म्हटल्यावर साताऱ्याचा माणूस दुसरं काय करणार?

काशिनाथनं त्याच्या ताटात दोन चाप ठेवले आणि पुढे सरकला.

"अरे, ओत की!" भिवा म्हणाला.

"काय ओतू?"

"रस्सा!"

"रस्सा नाही. सॉस आहे." काशिनाथनं पुदिना बारीक चिरून साखर घातलेल्या शिरक्यात भिजवला होता. भिवानं वाटी घेतली आणि सगळी आळ्यात उपडी केली. पहिला घास घेतला. तोंडावर काय काय येऊन गेलं! पण कुस्करलेली भाकरी टाकायची कशी? मान खाली घालून सगळी खाल्ली, ताट बोटानं पुसलं.

तुकारामनं विचारलं, "कसा काय लागला?"

भिवा म्हणाला, "आंबट शिकरण म्हणून बघितलं तर चांगलं हाय!"

चाप मात्र त्यानं हाड पांढरं होईपर्यंत सोडला नाही.

* * *

तुकारामची तक्रार वेगळी. "मेल्या, मटनात साखर घालतस आणि खोबरा नाय? ह्या खंयचा शास्त्र?"

एकदा शिरका संपला होता, तर तुकारामनं गुपचूप ट्रंकेतनं आमसुलं काढली, गरम पाण्यात कोळली, त्यात गूळ, मीठ आणि लसूण ठेचून घातला. काशिनाथनं चापाचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. शेवटी साहेबाच्या बटलरचा मुलगा!

काशिनाथ म्हणाला, "साहेब गेला. आता ह्याला सॉस म्हणायला कोण अडवतंय?"

त्या दिवसापासून वाट्या दोन झाल्या, एक पुदिन्याची, एक आमसुलाची. तुकाराम मात्र दोन्ही घ्यायचा. म्हणायचा, "भांडणात पडूचा नसता."

* * *

चापात मधेच एखादा असा यायचा की त्याला गुर्द्याचा तुकडा चिकटलेला. तो कुणाचा, यावर दर रविवारी सभा. काशिनाथ म्हणायचा, करणाऱ्याचा. तुकाराम म्हणायचा, सॉसवाल्याचा. मी म्हणायचो, धोंडूदा वयानं मोठा, म्हणजे माझा.

एका रविवारी आमची चर्चा लांबली. भिवानं ताटावर थाप मारली आणि उभा राहून ओरडला, "गुर्द्यासह चाप झालाच पाहिजे!"

गॅलरीतनं जाणाऱ्या दोघा-तिघांनी अर्धंच ऐकलं आणि सवयीनं जोरात साथ दिली, "झालाच पाहिजे!"

एवढा पाठिंबा मिळाल्यावर कोण काय बोलणार? दिला त्याला.

* * *

पुढं एका मोर्च्यात लाठीमार झाला आणि भिवाच्या कोपरावर लाठी बसली. हाताला प्लास्टर घातलं. गावाला निरोप गेला आणि त्याची आई आली. उंच, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू. तिला सगळे आये म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. तुकाराम आणि मी गॅलरीत झोपायला लागलो. गाळ्यात चूल तिची.

रविवार आला. काशिनाथ नेहमीसारखा तवा घेऊन दारात उभा.

"या पाव्हणं. गाव कुठलं तुमचं?" आयेनं विचारलं.

"चिपळूणच्या अलीकडे."

"कुनापैकी म्हनायचं?"

काशिनाथनं तवा खाली ठेवला. "आधी महार म्हणायचे, आये. आता आम्ही दीक्षा घेतली. बौद्ध."

आये उठली आणि गॅलरीत जाऊन बसली. "तुमी जेवा. मला भूक न्हाई."

काशिनाथनं चाप केले. भिवाला एक हात कामाचा नव्हता म्हणून त्याचे तुकडेही करून दिले. मग तवा पुसला, काखेत घेतला, आणि न जेवता गेला.

जिन्यात मी त्याला गाठलं. म्हणालो, "काशिनाथ, म्हातारं माणूस आहे रे."

तो म्हणाला, "मला राग नाही, धोंडूदा. पण माझा आजा मागच्या दारी जेवला, बाप मागच्या दारी जेवला. मी एका दारातनं आत येणार आणि आये दुसऱ्या दारानं बाहेर जाणार, असं जेवण मला नको."

वर आलो तर भिवा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला म्हणाला, "हात जुळंल रे. काशिनाथ तुटला तर?"

* * *

काशिनाथ यायचा थांबला, पण त्याचे चाप थांबले नाहीत. पुढच्या रविवारी त्यानं माझ्या हाती टोप पाठवला. "भिवाला दे. हाड जुळायला बरं."

भिवानं खाल्ले. आयेनं टोप घासला, पालथा घातला, आणि तिथंच अडली. कारण आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मग ते कुणाचंही असो!  शेवटी त्यात शेंगदाण्याची चटणी भरली आणि म्हणाली, "धोंडू, दिऊन ये."

आता काशिनाथच्या घरीही रीत तीच. त्याची बायको सुमित्रा म्हणाली, "रिकामा कसा पाठवू?" पुढच्या रविवारी परत चाप. इकडनं पिठलं गेलं. तिकडनं चाप आले. इकडनं गव्हाची खीर गेली. थांबायचं कुणी? जो थांबेल तो रीत मोडणार! टोप रस्ता ओलांडतोय आणि मी टोपामागे. तुकाराम मला म्हणायचा, "धोंडूदा, तुझो आता ट्रामसारखो नंबर लावूक होयो."

आये त्या चापाला हात लावत नव्हती. निदान आम्ही बघत असताना तरी नाही.

एक दिवस टोपात हरभऱ्याची उसळ भरता भरता ती म्हणाली, "त्याला सांग, ह्या टायमाला मिरी जरा जादा पडली."

भिवा उठून बसला. "आये, तुला कसं कळलं?"

"वासावरनं!"

"आणि मीठ?"

"मीठ बराबर व्हतं," आये म्हणाली, आणि मग टोपावर झाकण जरा जोरातच बसवलं.

* * *

मी हा निरोप काशिनाथला जसाच्या तसा सांगितला. सुमित्रा तोंडाला पदर लावून हसली. काशिनाथ हसला नाही. म्हणाला, "धोंडूदा, आयेला सांग, टोप आता यायचा नाही. किती दिवस भांड्यांनीच एकमेकांकडे जायचं? माणसांना पाय आहेत."

हे सांगायला मला जड गेलं. पण सांगितलं. आये ज्वारी पाखडत होती, तिचं सूप थांबलं नाही. भिवानं विचारलंच, "म्हंजे संपलं का, आये?"

ती म्हणाली, "ज्वारीत लई खडं निघत्यात."

आठवडा तसाच गेला.  रविवारी सकाळी मी गॅलरीत दाढी करत होतो. आये धुवट लुगडं नेसून बाहेर आली, डोईवरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "धोंडू, त्याची चाळ दाव."

मी अर्ध्या दाढीनं निघालो. मागं भिवा, गळ्यात हात अडकवलेला. त्याच्या मागं तुकाराम. रस्ता ओलांडून त्या चाळीत शिरलो तर गॅलरीतली माणसं बघायला लागली. बायका हातातलं काम टाकून दारात आल्या. आये सरळ चालत होती.

काशिनाथ स्टोपाशी बसला होता. तव्यावर चाप कडेवर उभे होते. तिला दारात बघून तो उठायला गेला.

"बस बस. करपतील," आये म्हणाली, आणि आत येऊन त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली. तव्याकडे वाकून बघितलं. मग विचारलं, "हे आसं हुबं का केल्यात?"

"चरबी सुटते. मग तेल लागत नाही."

"हां."

एवढ्यात सुमित्रानं पितळी पेला भरून पाणी आणलं. ती आयेसमोर थांबली. द्यावं की ठेवावं, तिला कळेना.    काशिनाथला चाप उलटायचे होते. त्यानं उलटले नाहीत.

आयेनं हात पुढे करून पेला घेतला. वरनं नाही प्यायली. पेल्याला ओठ लावले आणि सावकाश, शेवटपर्यंत प्यायली. मग पदरानं तोंड पुसून सुमित्राला म्हणाली, "पानी लई ग्वाड हाय गं तुमच्या चाळीचं. आमच्या नळाला आसं येत न्हाई."

भिवाला राहवलं नाही. "आये, दोन्ही चाळींना एकाच पायपातनं पानी येतं!"

"तू गप. पानी मी प्यालेय का तू?"