शेवटचा नंबर मागणारी मुलगी

सुमित्राअक्कांची आणि माझी ओळख आमच्या बोम्मसंद्र्याच्या मराठी मंडळात झाली. तेव्हा त्या मला मुळीच आवडल्या नाहीत. शनिवारच्या वर्गात मुलं एकच श्लोक पाळीपाळीने पुस्तकातून वाचत. माझी मुक्ता नेहमी शेवटचा नंबर मागायची. मला तो लाजाळूपणा वाटे. शाळेतून निवृत्त झालेल्या अक्का वर्ग घेऊ लागल्या आणि त्यांनी तिला पहिलीच उभी केली. मुक्ताने एक ओळही वाचली नाही.

"ऐकून पाठ करते ती," अक्का नंतर म्हणाल्या. "हुशार आहे, पण अक्षरं हाती लागत नाहीत. तपासून घेऊ या."

माझे यजमान जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. शाळा म्हणे, वडील गेल्याचा धक्का आहे. मला तर वाटे, पोरगी ढोंग करते. मी पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले. हिला शाळेत बसून का येऊ नये? आणि ही बाई फुकट एवढं का करते?

"तुमचा यात काय फायदा, अक्का?" मी विचारलंच.

"चहा मिळेल. साखर स्वल्प कमी घाला." मग म्हणाल्या, "बाबा होते तेव्हा नीट वाचायची?"

तेव्हा तिचे बाबाच तिला धडा वाचून दाखवत आणि ती तोच घडाघडा म्हणे. आम्ही दोघंही खूश असू.

तपासणीला अक्का सोबत आल्या. डॉक्टरीणबाईंनी डिस्लेक्सिया सांगितला. मी म्हटलं, "यांनी पढवलंय का तुम्हाला?"

अक्का रागावल्या नाहीत. "खुशाल दुसरीकडे विचारा. संशय माझ्यावर ठेवा, मुलीवर नको."

मी दुसरीकडे विचारलं. उत्तर तेच आलं. मग अक्का आमच्याकडे येऊन ताटातल्या रव्यावर तिच्याकडून अक्षरं गिरवून घेऊ लागल्या. मी दारात बसून लक्ष ठेवी. त्या तिला कधी 'बिचारी' म्हणाल्या नाहीत. परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून मुख्याध्यापकांशी कन्नडमधून भांडल्या, ते त्यांनी मला सांगितलंही नाही.

अक्का आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे ठीक आहेत म्हणतात. माझा विश्वास नाही. त्यांनी तपासून घ्यावं, मी सोबत येईन. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो. त्यांच्या पंचाहत्तरीच्या समारंभात हा लेख मुक्ता वाचणार आहे, पहिल्या नंबरावर. ती अडेल तिथे कुणी शब्द पुरवू नये. अक्का थांबतात, तसं थांबावं.