नऊ खुंट्यांचं पिंप

तांगी केर्मोआलसारखा पिणारा मी कामारे बंदरात दुसरा पाहिला नाही, आणि हे मी दारूचं दुकान चालवणारी बाई सांगते आहे. सकाळी शीड शिवायला बसायचा तेव्हाही त्याच्या तोंडाला वास असायचा. पण हात कधी थरथरला नाही, आणि पिऊन कोणाला वेडंवाकडं बोललाही नाही. गाणी मात्र भयंकर म्हणायचा. माझा नवरा गुल्वेन त्याच्याच गलबतावर सुकाणू धरायचा, त्यामुळे किनाऱ्याला लागला की तांगीचा मुक्काम आमच्याकडे ठरलेला.

हेर्ले तांडेलाचं ते गलबत बोर्दोहून वाइनची पिंपं भरून फ्लँडर्सला जायचं आणि वाटेत आमच्या बंदरात वाऱ्यासाठी थांबायचं. कामारेच्या अलीकडे राझची सामुद्रधुनी लागते. त्या पाण्याने आमच्यातलं एकही घर सोडलेलं नाही. म्हणून तिथून जाताना तांडेल एक पिंप उघडायचा आणि प्रत्येक जण आपल्या बुडालेल्या माणसाच्या नावाने पेलाभर वाइन पाण्यात ओतायचा. बोर्दोच्या व्यापाऱ्यांना हे ठाऊक होतं. ते काणाडोळा करायचे.

त्या वर्षी व्यापाऱ्याने आपला माणूसच गलबतावर पाठवला. पेलिसों त्याचं नाव. तरुण, नीटनेटका, स्वतःला फार शहाणा समजणारा. राझ जवळ आली तसा तांडेलाने पिंपाला हात घातला, तर हा आडवा आला.

"माल माझ्या मालकाचा आहे. माशांना पाजायला नाही दिलेला."

तांडेलाने हात मागे घेतला. गलबत तसंच पुढे आलं.

कामारेला नांगर टाकल्यावर पेलिसोंने एकेक पिंप बोटाने वाजवून पाहिलं. मागच्या रांगेतलं एक पोकळ वाजलं. ते वर आणून त्याच्याभोवती आवळलेली लाकडी कडी सरकवली, तर खाली खुंट्या! कडं बाजूला सारायचं, गिरमिटाने भोक पाडायचं, हवी तेवढी काढून घ्यायची, खुंटी ठोकायची आणि कडं परत जागेवर. ही युक्ती कुठल्याही खलाशाला येते. पण एका पिंपाला नऊ भोकं? मला राहवेना, मीही बघायला गेले. नऊ खुंट्या, आणि एकीसारखी दुसरी नाही. एक जाड, एक तिरकी, एक तर माशाच्या काट्यासारखी बारीक. बहुतेक सैल बसलेल्या. अर्धं पिंप झिरपून गलबताच्या तळातल्या घाण पाण्यात गेलं होतं. प्यायची सोडून सांडवणारा हा कसला चोर, ते काही मला कळेना.

पेलिसोंला मात्र कळलं होतं. "एकच माणूस नऊदा आलाय. तुमच्यात सगळ्यात जास्त पितो कोण?"

सगळ्यांनी तांगीकडे पाहिलं. माझ्या नवऱ्यानेसुद्धा.

"चोर माझ्या हवाली करा, नाहीतर नुकसान सगळ्यांच्या माथी," पेलिसों म्हणाला.

पिंप फोडणारा म्हणून एकदा नाव झालं की आमच्या किनाऱ्यावर त्या माणसाला पुन्हा कोणी गलबतावर चढू देत नाही. आणि गलबताशिवाय तांगी म्हणजे नुसता दारुडा उरला असता. मला भीती वाटली ती याचीच.

"संत इवसमोर शपथ घेऊ," तांगी शांतपणे म्हणाला. "पण मी एकट्याने नाही. सगळ्यांनी."

संत इवसमोर खोटं बोलणारा वर्षाच्या आत वाळून मरतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. देवळात गर्दी झाली. तांगीने पुढे होऊन मूर्तीच्या पायावर तळवा ठेवला.

"मी त्या पिंपाला हात लावलेला नाही."

मेला आता हा, असंच माझ्या मनात आलं.

पुढची पाळी गुल्वेनची. त्याने हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"एक पेला घेतला," तो पुटपुटला. "बापासाठी. त्याला तसंच तहानलेलं टाकून कसं पुढे यायचं? पण बाकीची आठ भोकं माझी नाहीत, आईशप्पथ!"

"लेका, तूसुद्धा?" मागचा खलाशी बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मग एकेक जण बोलायला लागला. कोणी भावासाठी, कोणी मुलासाठी. पेलिसोंच्या नजरेआड असलेलं पिंप ते एकच, म्हणून जो तो तिथेच गेला, अंधारात चाचपडत, आपण एकटेच आहोत असं समजून. आणि नंतर बाकीची भोकं बघून प्रत्येकाने ती तांगीच्या नावावर टाकली. शेवटी हेर्ले तांडेल उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"ती बारीक खुंटी माझी."

तांडेल धरून माणसं दहा, खुंट्या नऊ. देऊळ नसतं तर मी खो खो हसले असते.

पेलिसों हसला नाही. तो तांगीकडे बघत राहिला. "आणि तू? तुझं कोणी बुडालेलं नाही?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. तांगीचा धाकटा भाऊ मोर्वान तीन वर्षांपूर्वी मासेमारीला राझकडे गेला होता. त्याची होडीही सापडली नव्हती.

"नाही," तांगी म्हणाला. "मोर्वान अजून आलेला नाही, एवढंच. जित्या माणसाला मेलेल्यांच्या पंगतीत कशाला बसवू? आला की त्याचं तो पिईल."

इतकी वर्षं माझ्यासमोर बसून पिणाऱ्या माणसाने हे मला कधी सांगितलं नव्हतं, याचा मला आधी राग आला. मग रडू आलं.

नुकसान सगळ्यांत वाटलं गेलं. सगळे नको नको म्हणत असताना तांगीनेही आपला वाटा दिला. पुढल्या खेपेला राझ आली तेव्हा पेलिसों पाठ फिरवून उभा राहिला, असं गुल्वेन सांगतो. त्या खेपेपासून तांगीही आपला पेला घ्यायला लागला, पण तो सुरईत भरून माझ्याकडे आणायचा.

"वहिनी, फळीवर ठेव. मोर्वानचा आहे."

"अरे, आंबून गेलीय ती!" एकदा मी वैतागून म्हटलं.

"त्याला आंबटच आवडते."

दुसऱ्याच्या पेल्यात थेंब न ठेवणारा हा माणूस, त्या सुरईला त्याने कधी बोट लावलं नाही.

मागच्या हिवाळ्यात राझमध्येच एक लाट आली आणि तांगीला गलबतावरून घेऊन गेली. शोधूनही हाती काहीच लागलं नाही. परवा गलबत पुन्हा बोर्दोहून आलं, तेव्हा दारातच मी गुल्वेनला विचारलं, "त्याच्या नावाने ओतलीत का?"

त्याने अंगरख्याखालून एक छोटी सुरई काढली आणि मोर्वानच्या सुरईला चिकटून ठेवली.

"राहू दे इथे," तो म्हणाला. "आलाच तर तो आधी तुझ्याच दुकानात येणार."