कलाकंदाचा डबा आणि भोकरदनची एसटी

एप्रिलात मराठवाड्यात जाऊ नका, हे आधीच सांगून टाकते. मी गेले, कारण अब्बांनी शुक्रवारच्या नमाजहून आल्यावर चपला काढता काढताच जाहीर केलं, "आपाकडं जायचं."

आपा म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी फुफी. ती भोकरदनला राहते. माझ्या भावाच्या लग्नाची दावत, म्हणजे आमंत्रण, अब्बांनी तिला मोबाइलवर पत्रिका पाठवून दिली होती. आमच्यात मोठ्या बहिणीला दावत द्यायला भावानं स्वतः तिच्या दारी जायचं असतं. ती लग्नाला आली नाही, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दर ईदला अब्बा म्हणायचे, "तिनं फोन केला तर मी करीन." तिकडे तीही हेच म्हणत असणार. एकाच आईची लेकरं.

त्या शुक्रवारी मौलानांनी बयानात सिलारहमी, म्हणजे नाती जोडून ठेवणं, हा विषय घेतला होता. कुराणात पैगंबरांना सांगितलंय म्हणे, की लोकांना म्हणा, या कामाचा मला मोबदला नको, नात्यातलं प्रेम तेवढं हवं. आणि जो नेकी करतो त्याच्या नेकीत अल्लाह आणखी भर घालतो. वर मौलाना असंही म्हणाले, की आपल्याकडे येणाऱ्याकडे आपण जाणं ही नुसती परतफेड झाली. तोडणाऱ्याशी जोडून घेणं, ही खरी सिलारहमी. अब्बांना ते फार लागलं. मी मात्र मार्चअखेरचं बँकेचं काम आणि ईदचे पाहुणे यांतून उठले नव्हते. पण सत्तरीच्या, साखरेचा आजार असलेल्या माणसाला एकटं कसं सोडणार?

नाशिकरोडहून सकाळच्या गाडीनं निघालं की दुपारी जालना येतं. उतरल्यावर ऊन असं काही अंगावर आलं की अब्बाच म्हणाले, "उद्या जाऊ." नवीन जालन्यात स्टेशनजवळ लॉज पुष्कळ आहेत, खोली घेण्याआधी कूलर चालू करून बघा. आमचा नुसता आवाज करत होता. संध्याकाळी मोसंबीचा रस मात्र नक्की प्या, आणि साखर घालू नका म्हणून आधीच बजावा. रस पिताना अब्बांनी एकदाच तोंड उघडलं. "तिनं दार उघडलं न्हाई तर?"

"तर परत येऊ," मी म्हटलं.

सकाळी राजूरमार्गे भोकरदनची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आणि ज्येष्ठांनाही अर्धं. "बाप-लेकीचं मिळून एकच तिकीट," कंडक्टर हसला, "फायद्यात हाय तुम्ही!" राजूरला गरम भजी होती. अब्बांनी हात लावला नाही. "आपाच्या घरी खाईन, मंग गोळी घेईन." नाशिकहून आणलेला कलाकंदाचा डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही तो नाहीच.

दार फुफीनंच उघडलं. "आला का," एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

अब्बांनी टेकायच्या आत डबा उघडला, एक तुकडा उचलला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. फुफीनं मान फिरवली. "ठेव तिकडं. मंग बघू." अब्बांचा हात तसाच राहिला. ती आत गेली, पराठे आणि ऑम्लेट घेऊन आली. ताटल्या दोनच.

"तू खा, मंग मी खातो," अब्बा म्हणाले.

"मला न्हाई खायचं."

अब्बा उठले. "चल गं. आपल्या हातचं नको हाय हिला." त्यांचे हात थरथरत होते, उपाशीपोटी होतात तसे. मला दोघांचाही राग आला आणि रडूही आलं.

मी चपला घालायला पुढे अंगणात आले, तर फुफीच्या सुनेनं, शबानाभाभीनं, माझा हात धरला. "अगं, रोजा हाय त्यांचा. ईदनंतरचे सहा ठेवून राह्यल्या, आज शेवटचा. कुणाला सांगू नको म्हन्ल्या."

रमजाननंतर हे सहा ठेवले की वर्षभर रोजे केल्याचा सवाब, म्हणजे पुण्य, मिळतं. सक्ती नसते. आणि असली नेकी मिरवायची नाही, म्हणून फुफी गप्प. मी घरात जाऊन मोठ्यानं सांगूनच टाकलं.

अब्बा परत खाली बसले. "रोजा हाय तर सांगायचं की, आपा!"

"तू लग्नाचं बराबर सांगितल्तं का?"

"चुकलं," अब्बा म्हणाले. "बिलकुल चुकलं. मी यायला पायजे होतं."

फुफी त्यांच्या हातांकडे बघत होती. "गोळी घेतली का?"

"खाल्ल्यावर. तू दिवस बुडल्यावर मगरिबला रोजा सोड, मी बी तवाच खातो."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. "दुपार कलायची हाय अजून." असा ऐच्छिक रोजा दुपारच्या आत पाहुण्यासाठी सोडता येतो, पुढे एक ठेवून तो भरून काढायचा.

"सवाब जाईल, आपा."

"रोजा काय, पुन्हा ठेवता येतो. तू रोज येणार हाईस का?" आणि तिनं लहान मुलासारखं तोंड उघडलं. अब्बांनी कलाकंद भरवला. मग स्वतःसाठी तुकडा उचलला तर फटकन हातावर चापट बसली. "तुला साखर हाय ना?"

त्या दिवशी तिनं आम्हाला निघू दिलं नाही. तुम्ही गेलात तर भोकरदनला मुक्कामाची सोय आधीच बघून ठेवा; प्रत्येकाला तिथं फुफी नसते.

घरी परतले ती पाठ धरून, उन्हानं काळी होऊन. सवाब कुणाचा वाढला आणि कुणाचा गेला, ते अल्लाहला ठाऊक. मला झोप हवी होती. तीही मिळाली नाही. दोन दिवसांनी पहाटे अजून अंधार असताना अब्बांच्या खोलीतून आवाज आला. स्वतः त्यांना रोजा झेपत नाही, पण फुफी सोडलेला रोजा आज भरून काढणार होती, तिनं उजाडायच्या आत खाऊन घ्यावं म्हणून फोन लावला होता. "आपा, ऊठ. सहेरी करून घे जल्दी."

स्पीकरवर फुफी म्हणाली, "जागीच हाय. फोनची वाट बघून राह्यले."